उन्हाळ्याच्या प्रवासात कोणता सुगंध न्यावा?



एप्रिल-मे म्हणजे आपल्या घराबाहेर पडण्याचे दिवस. मुलांच्या शाळांना सुट्टी लागते, रानातली कामं थोडी हलकी होतात. कुणी चार दिवस माहेरी जातं, कुणी भाचीच्या लग्नाला, कुणी कुलदैवताच्या जत्रेला. काही गट वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवतात आणि गाडी करून कोकणात समुद्र बघायला जातात. वर्षातून एकदा बाहेर पडायचं, तर चांगली साडी नेसावी, चांगलं दिसावं, अंगाला छान वास यावा, असं वाटणारच. म्हणून पिशवी भरताना एक छोटी बाटलीही आत जाते. कुणाचं अत्तर, कुणाचा सेंट, कुणाचा फवाऱ्याचा डबा.

आजच्या गप्पा या बाटलीविषयी. कोणता सुगंध घ्यावा, किती लावावा, कुठे लावावा, प्रवासात कसा न्यावा, आणि कधी मुळीच लावू नये, हे आपण बघणार आहोत. आमचं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. उन्हाळ्यात सुगंध हलका हवा, थोडा हवा, आणि घरी आधी लावून पाहिलेला हवा. सुगंध हा स्वच्छ अंगावरचा दागिना आहे. वास झाकायचं ते फडकं नाही.

घामाला वास कशामुळे येतो?

ताज्या घामाला फारसा वास नसतो. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र जरा वेगळा, दाट घाम येतो. आपल्या कातडीवर राहणारे बारीक जंतू तो घाम खातात, तो कुजवतात, आणि त्यातून वास तयार होतो. त्यामुळे जंतू जितके जास्त वेळ ओल्या जागी राहतील, तितका वास जास्त.

आता यावर सेंट मारला तर काय होतं? घामाचा वास जात नाही. त्यात सेंटचा वास मिसळतो आणि तिसराच वास तयार होतो. गच्च भरलेल्या एसटीत हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे.

म्हणून पहिली तयारी बाटलीची नाही, अंघोळीची. काखा साबणाने नीट धुवायच्या आणि पूर्ण कोरड्या करायच्या. तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवला तर जंतू कमी होतात आणि घामही थोडा कमी येतो. हा उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. फक्त केस काढल्यानंतर लगेच तुरटी लावू नका, आग होते. दुकानात घाम कमी करणारे जे रोल-ऑन मिळतात, त्यांतही ॲल्युमिनियमचे क्षारच असतात, आणि तुरटीही त्याच घराण्यातली.

दुसरी गोष्ट कपड्याची. सुती ब्लाउज घाम शोषून घेतो. पॉलिस्टरच्या ब्लाउजात वास अडकून बसतो, आणि कधी कधी धुतल्यावरही राहतो. प्रवासाला सुती ब्लाउज घाला, आणि पिशवीत एक जादा ठेवा. त्या एका ब्लाउजने जे काम होतं, ते महागड्या सेंटनेही होत नाही.

बाटलीत असतं काय?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. ते ओळखता आले की निवड सोपी होते.

पहिला प्रकार अत्तर. हे तेलकट असतं. यात स्पिरिट नसतं. थेंबभर लावलं तरी पुरतं आणि ते अंगाजवळ राहतं, चार हात लांब पसरत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावतात आणि गुलाबपाणी शिंपडतात, ते आठवा. कैरीची डाळ, पन्हं आणि अत्तर हा उन्हाळ्याचाच थाट आहे.

दुसरा प्रकार सेंट किंवा परफ्यूम. यात सुगंधी तेलं स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असतात. कोरोनाच्या काळात हाताला लावायचं सॅनिटायझर आठवतं ना, त्यातही हेच अल्कोहोल होतं. ते अंगावरून भराभर उडतं, म्हणून लावताना गार वाटतं. सगळ्या सेंटांमध्ये सुगंधी तेल सारखं नसतं. दाट सेंटमध्ये शंभर भागांत साधारण १५ ते २० भाग तेल असतं. हलक्या सेंटमध्ये ५ ते १५ भाग. ‘बॉडी मिस्ट’ नावाने मिळणाऱ्या पातळ फवाऱ्यात तर जेमतेम १ ते ३ भाग. मोठी बाटली स्वस्तात मिळाली तर आपण खूश होतो, पण तिच्यात तेल किती आहे हे बघायला हवं.

तिसरा प्रकार पत्र्याच्या डब्यातला फवारा, ज्याला आपण ‘डिओ’ किंवा ‘बॉडी स्प्रे’ म्हणतो. यातल्या बऱ्याच डब्यांत फवारा बाहेर ढकलायला दाबून भरलेला गॅस असतो. तो बहुतेक वेळा ब्यूटेन किंवा प्रोपेन असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही हेच दोन गॅस असतात. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

उन्हात सुगंध कसा वागतो?

चुलीवर ठेवलेल्या पाण्याची वाफ भराभर होते, गार पाण्याची हळूहळू. सुगंधाचंही तसंच आहे. अंग तापलेलं असलं की सुगंध लवकर उडतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास दहा-पंधरा मिनिटांत निघून जातात. फुलांचे वास दोन-चार तास राहतात. चंदन, वाळा, ऊद असे जड वास सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे थंडीत गोड वाटणारा जड, मसालेदार वास मे महिन्याच्या दुपारी डोकं उठवतो, कारण उष्णतेने तो एकदम पसरतो. दुसरी म्हणजे दुकानात बाटली उघडल्या उघडल्या जो वास येतो, तो खरा वास नव्हे. तो पहिल्या दहा मिनिटांचा पाहुणा आहे. दिवसभर आपल्यासोबत राहणारा वास अर्ध्या तासानंतर कळतो.

आणखी एक गंमत आहे. एकच वास सारखा येत राहिला की आपलं नाक त्याला सरावतं. आपल्याला वाटतं वास गेला, म्हणून आपण पुन्हा लावतो. शेजारी बसलेल्या बाईला मात्र तो दुप्पट येत असतो. म्हणून पुन्हा लावण्याआधी सोबतच्या मैत्रिणीला विचारा, “अजून येतोय का गं?”

उन्हाळ्याला साजेसे आपले सुगंध

उन्हाळ्यासाठी परदेशी नावं शोधायची गरज नाही. या ऋतूचे सुगंध आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेले आहेत.

वाळा. माठात आपण वाळ्याची जुडी टाकतो, खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडतो. वाळा हे गवत आहे. त्याची मुळं जमिनीत खोल जातात आणि माती धरून ठेवतात, म्हणून बांधावरही लावतात. सुगंध या मुळांतच असतो. वाळ्याच्या अत्तराला बाजारात ‘खस’ म्हणतात. त्याचा वास ओल्या मातीसारखा, गार वाटणारा असतो आणि बराच वेळ टिकतो. उन्हातल्या प्रवासाला आमच्या मते हा पहिला. मात्र एक ध्यानात घ्या, माठात वाळ्याची मुळं टाकायची, अत्तर नव्हे. अत्तर पोटात घ्यायचं नसतं.

मोगरा. हा उन्हाळ्याचाच. त्याच्या कळ्या संध्याकाळी आणि रात्री उमलतात. संध्याकाळच्या लग्नाला किंवा हळदीला मोगरा शोभतो. ताज्या फुलांचा गजरा असेल तर मोगऱ्याच्या अत्तराची गरजच नाही. गजऱ्याच्या कळ्या दुपारी तोडून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, संध्याकाळपर्यंत ताज्या राहतात.

गुलाब आणि चंदन. हे दोन्ही सौम्य. देवदर्शनाला, वडीलधाऱ्या माणसांत, आजाऱ्याला भेटायला जाताना चंदनाचा बोटभर वास कुणालाही खुपत नाही.

मातीचं अत्तर. वळवाच्या पहिल्या पावसात जो वास सुटतो, तो वास बाटलीत भरता येतो यावर पटकन विश्वास बसत नाही. पण उत्तर प्रदेशातल्या कनौज शहरात हे अत्तर बनवतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यासोबत उकळतात. भाताच्या झाकणाखाली वाफेचं पाणी जमतं ना, तशी ही सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते आणि गार होते. त्या भांड्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. हंड्याला ‘देग’ आणि दुसऱ्या भांड्याला ‘भपका’ म्हणतात. गुलाब, मोगरा, केवडा यांची अत्तरंही अशीच निघतात. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्याकडे पैठणीला आणि कोल्हापुरी गुळाला आहे. चंदनाचं तेल आता फार महाग झालं आहे, म्हणून त्याच्या जागी दुसरी स्वस्त तेलंही वापरली जातात.

दवणा. जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेत देवाला दवणा वाहतात. ज्यांना फार गोड वास आवडत नाही, त्यांना दवण्याचा हिरवा वास आवडेल. दवण्याच्या तेलाविषयी असं म्हणतात की ते प्रत्येकीच्या अंगावर थोडं वेगळं उमटतं.

आता जपून वापरायचे वास. केवडा, ऊद आणि कस्तुरी म्हणून विकले जाणारे गोडसर वास जड असतात. कोकणात अनेक घरी आखातातून ऊदाचं अत्तर येतं. ते चांगलंच असतं, पण मे महिन्यातल्या दमट दुपारी एका थेंबाचाही अर्धा पुरतो. तेही मोकळ्या हवेत, रात्री.

आणि बाटली घ्यायचीच नसेल तर? बकुळीची फुलं वाळली तरी त्यांचा वास जात नाही. कोकणात सुरंगीची फुलंही वाळवून ठेवतात. वाळा, कपूरकाचरी, वाळलेली बकुळ यांची सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि प्रवासाच्या कपड्यांत ठेवून द्या. चार दिवसांत साड्यांना मंद वास लागतो. कातडीला काही लागत नाही आणि खर्चही नाही.

घेताना फसू नका

जत्रेत आणि आठवडी बाजारात “शंभर टक्के शुद्ध गुलाब” म्हणून बाटल्या मिळतात. इथे आपला घरचा हिशेब कामी येतो. गुलाबाचं १ किलो शुद्ध तेल काढायला साधारण ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे १ ग्रॅम तेलाला ३ ते ४ किलो. हातातली बाटली ५ ग्रॅमची असेल तर १५ ते २० किलो पाकळ्या झाल्या. आपल्या बाजारात गुलाब किलोला काय भाव आहे, ते आठवा. मग पन्नास रुपयांत ती बाटली शुद्ध गुलाबाची असेल का, याचं उत्तर तुम्हीच द्याल.

याचा अर्थ बाटलीतलं विष आहे असा नाही. कारखान्यात बनवलेला गुलाबाचा वासही वापरता येतो, आणि बहुतेक सेंटांत तोच असतो. मुद्दा इतकाच की त्याला शुद्ध गुलाबाचे पैसे मोजू नका.

बाटली उलटी-पालटी करून छापील मजकूर बघा. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आत काय काय आहे त्याची यादी, आणि कमाल किंमत. एवढं असायलाच हवं. अक्षरं बारीक असतील तर सोबत शाळकरी मुलीला न्या, ती वाचून दाखवेल. नुसतं झगमगीत चित्र आणि मोठ्या कंपनीसारखं दिसणारं, पण एक अक्षर इकडेतिकडे केलेलं नाव असेल, तर ती बाटली तिथेच ठेवा.

दुकानात पाच-सहा वास एकामागोमाग हुंगू नका. तिसऱ्यानंतर नाक गोंधळतं. दोन निवडा. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. मग बाजाराची बाकी कामं करा, उन्हातून फिरा, आणि तासाभराने दोन्ही हात हुंगून बघा. तेव्हा जो आवडेल तो घ्या. दुकानदार दादा घाई करत असतील तर “परत येताना घेते” म्हणावं.

आणि बाटली लहान घ्या. अत्तर पूर्वी तोळ्यावर विकत, आता ३, ६, १२ मिलिलिटरच्या बाटल्या मिळतात. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब. ६ मिलिलिटरमध्ये १२० थेंब. रोज २ थेंब लावले तरी दोन महिने जातील. आठ दिवसांच्या सुट्टीला ३ मिलिलिटरची बाटलीही उरते. गटातल्या चौघी-पाचजणींनी मिळून वेगवेगळ्या लहान बाटल्या घेतल्या तर सगळ्यांना सगळे वास लावून बघता येतात. तेल अंगावर घासणारी गोळीची बाटली मात्र प्रत्येकीची वेगळी असू द्या. वाटून घ्यायचं तर कापसाचा फाया करा.

आधी घरी लावून बघा

कुठलाही नवा सुगंध पहिल्यांदा प्रवासात लावू नका. जाण्याआधी आठ दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही महाग असो किंवा कितीही ‘नैसर्गिक’ असो. फुलांच्या तेलांनीही पुरळ येऊ शकतं.

उन्हाचा एक खास धोका आहे. लिंबू, ईडलिंबू यांसारख्या फळांच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि मग काळे डाग पडतात. ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. आपल्याकडच्या बावचीच्या बियांतही तशीच द्रव्यं असतात, म्हणून बावचीचं औषध वैद्याला विचारूनच घ्यायचं असतं. तेव्हा लिंबाच्या वासाचं अत्तर किंवा तेल गळ्यावर, चेहऱ्यावर लावून उन्हात जाऊ नका. तो वास आवडत असेल तर पदराच्या टोकाला लावा. हाताला लिंबाचा रस चोळून उन्हात जाणंही याच कारणाने टाळा.

कुठे आणि किती लावावा?

दोन थेंब. एक मनगटावर, एक कानामागे. बस्स. फवारा असेल तर हातभर लांबून एकदा, दोनदा. डब्याचा फवारा कातडीच्या अगदी जवळ धरून मारू नका. तो गॅस इतका गार असतो की कातडी पोळल्यासारखी होते. लावल्यावर मनगटं एकमेकांवर रगडायची गरज नाही, आपोआप वाळू द्या.

कोरड्या कातडीवर सुगंध टिकत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि त्यावर अत्तर लावा. कोकणात, जिथे हवाच दमट आहे, तिथे नेहमीच्या निम्मंच पुरतं.

जखमेवर, खरचटलेल्या जागी, डोळ्यांजवळ, नुकतेच केस काढलेल्या ठिकाणी सेंट लावायचा नाही. रेशमी साडीवर आणि जरीवर तर मुळीच नाही. तेलाचा डाग पडतो, स्पिरिटने रंग जाऊ शकतो. मोती आणि खोटे दागिनेही सेंटने खराब होतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अंघोळ, मग सुगंध, तो वाळल्यावर साडी, आणि शेवटी दागिने.

प्रवासात जपून

आता तो स्वयंपाकाचा गॅस आठवा. फवाऱ्याच्या डब्यावर ज्वालेचं चित्र असतं आणि ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात उन्हात बंद करून उभ्या केलेल्या गाडीत, काचेजवळ, याहून जास्त तापमान सहज होतं. तिथे ठेवलेला डबा फुटू शकतो. डबा रिकामा झाला तरी त्यात गॅस उरलेला असतो. त्याला भोक पाडू नका, आणि चुलीत किंवा शेकोटीत तर कधीच टाकू नका.

सेंटची बाटली फुटत नाही, पण त्यातलं स्पिरिट पेट घेतं. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीजवळ, समईजवळ, विडी ओढणाऱ्याजवळ फवारा मारू नका. लग्नघरी एकाच खोलीत दहाजणी आवरत असतात आणि तिथेच देवापुढे दिवा तेवत असतो. फवारा मारायचा तर अंगणात जा. त्या मानाने प्रवासाला अत्तराची लहान बाटली बरी.

बाटलीचं झाकण घट्ट लावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. ऊन आणि उजेड दोन्हींनी सुगंध खराब होतो. खाण्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, चपात्यांना वास लागतो. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. सेंटमधलं स्पिरिट पोटात गेलं तर मुलाला विषबाधा होऊ शकते. तसं झालं तर वाट न बघता, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुणाची मुलगी परदेशात असेल आणि तिच्याकडे विमानाने जायचं असेल, तर हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही.

शेजारणीचा श्वास आपल्या हाती

वडापच्या जीपमध्ये बाराजण बसलेले असतात. त्यात कुणाला दमा असतो, कुणाची अर्धशिशी उठते, कुणाला गाडी लागते, कुणाला तिसरा महिना असतो आणि वासानेच मळमळतं. उग्र सेंटने दम्याच्या माणसाला खरोखर धाप लागू शकते. तिला “नाटक करते” म्हणू नये. म्हणून बंद गाडीत बसण्याआधी सुगंध लावू नका, उतरल्यावर लावा. गाडीत फवारा तर नकोच.

तान्ह्या बाळाला, लहान मुलांना अत्तर-सेंट लावू नका. त्यांची कातडी नाजूक असते. बाळ आईच्या वासाने आईला ओळखतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईनेही छातीला, गळ्याला काही लावू नये.

गड, लेणी, जुनी देवळं बघायला जाणार असाल तर त्या दिवशी सुगंध नको. अशा कपारींत आग्या मोहोळं असतात. मधमाश्या पाळणारी माणसं पेट्यांजवळ जाताना उग्र सेंट लावत नाहीत. आपणही तेच करावं.

झाकू नका, दाखवा

शेवटी एक गोष्ट, जी आपण चारचौघींत बोलत नाही. उन्हाळ्याच्या प्रवासात काही जणी मायांगाजवळ सेंट किंवा पावडर मारतात, वास येऊ नये म्हणून. हे कधीही करू नका. तिथली कातडी फार नाजूक असते, तिची आग होते आणि त्रास वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. प्रवासात ओला कपडा लवकर बदला, पाळीत पॅड किंवा कापड चार-सहा तासांनी बदला.

पण अंगावरून पांढरं जातंय, त्याला माशासारखा किंवा कुजका वास आहे, खाज आहे, ओटीपोटात दुखतंय, तर तो अस्वच्छपणा नाही. तो आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. काखेतला, तोंडाचा किंवा जखमेचा वास अचानक बदलला, तरी तसंच. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. सेंट मारून असा वास झाकला तर आजार आत वाढत राहतो, आणि सुट्टी संपल्यावर त्रास दुप्पट होऊन समोर येतो. शरमेने गप्प बसलेल्या मैत्रिणीला सोबत घेऊन जाणं हेही गटाचंच काम आहे.

पुढच्या बैठकीत हे करून बघा

तुमच्या घरी असतील त्या बाटल्या पुढच्या बैठकीला घेऊन या. आधी प्रत्येक बाटलीवरची तारीख आणि पत्ता वाचा. तारीख उलटलेल्या बाजूला काढा. मग प्रत्येकीने आपल्या एका मनगटावर एकच सुगंध लावावा आणि बैठकीचं काम सुरू करावं. हप्ते, हिशेब, कर्जाचे अर्ज होईपर्यंत तास-दीड तास जाईल. मग एकमेकींचे हात हुंगा. कुणाचा उडून गेला, कुणाचा डोक्यात गेला, कुणाचा मंद राहिला, ते वहीत लिहा. पैसे न खर्चता तुमच्या गावच्या हवेत कोणता सुगंध टिकतो, हे कळेल.

आणि जाताना पिशवीत एवढंच ठेवा: तुरटीचा खडा, जादा सुती ब्लाउज, लहानशी एक बाटली. वर्षभर चुलीचा धूर, शेणाचा आणि खताचा वास अंगावर घेऊन आपण राबतो. चार दिवस वाळ्याचा किंवा मोगऱ्याचा वास अंगावर असावा, हा आपला हक्कच आहे. तो नीट निवडा, बेताने लावा, आणि मोकळ्या मनाने फिरून या.